गहू बंद केला, तरी पोट का दुखतं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी नऊ वर्षांची. वर्षभर पोट दुखायचं, फुगायचं, उंची अडकली होती आणि लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. टीटीजीची रक्ततपासणी (या आजाराची पहिली चाचणी) खूप वाढलेली आली, दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढून तपासले आणि सिलिअ‍ॅक हा आजार पक्का झाला. डॉक्टरांनी ‘गहू कायमचा बंद’ सांगितलं, त्याला अडीच महिने झाले. पोळी, पाव, बिस्किटं घरात तिच्यापुरती बंद आहेत, तरी आठवड्यातून दोन-तीनदा पोट धरून बसतेच. घरात सात माणसं. सासूबाई म्हणतात, प्रसादाच्या चिमूटभर शिऱ्यानं काय होतंय? आणि तुम्ही विचारताय, वेगळं स्वयंपाकघर मांडायला लागेल का, आणि हे खरंच आयुष्यभर का?

आयुष्यभर, हो. वेगळं स्वयंपाकघर, नाही. पण गिरणी बदलावी लागेल. मी २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि मराठी घरातली सिलिअ‍ॅकची पोरं बरी होत नाहीत तेव्हा मी ताटाआधी दळणाबद्दल विचारते.

आधी चिमटीचा हिशेब, कारण सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. दमा, मधुमेह, सर्दी-पडसं यांत आपण ‘थोडंसं चालतं’ असंच ऐकत आलोय. इथे गणित वेगळं आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते नडणारं प्रथिन, असतं. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजार आटोक्यात असलेल्या माणसांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर तेवढ्यानंही आतड्याला इजा झालेली दिसली. म्हणजे एका पोळीचे पन्नास तुकडे करा, त्यातला एक. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना धोका नाही असं धरतात; तो त्याच पोळीचा अडीचशेवा भाग. चमचाभर शिरा या हिशेबात कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

हे पोट बिघडण्याचं दुखणं नव्हे. गहू, सातू म्हणजे जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या तीन धान्यांतल्या या प्रथिनावर शरीराची संरक्षणव्यवस्था उठते आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवून टाकते. त्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं तिथूनच शोषली जातात. ते सपाट झाले की ताटात काहीही वाढा, अंगी लागत नाही. म्हणून तुमच्या मुलीला लोहाची बाटली लागू पडली नाही. आणि म्हणूनच ‘खाल्लं, पण काही झालं नाही’ याला अर्थ नाही. कित्येक मुलांना लग्नात जिलबी खाऊन काहीच जाणवत नाही, आत मात्र काम चालू असतं.

सासरे विचारतील, कशावरून गहूच? त्यांना डॉ. विलेम डिके यांची गोष्ट सांगा. नेदरलँड्समधले हे बालरोगतज्ज्ञ. गव्हावर त्यांचा संशय महायुद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. बाकीची मुलं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळायला लागल्यावर पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. तोवर या मुलांना नुसत्या केळ्यांवरसुद्धा ठेवत असत.

आता तुमच्या घरात ग्लूटेन कुठून येतंय ते शोधू. तुम्ही लिहिलंय की ती ज्वारीची भाकरी खाते आणि पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून येतं. माझा पहिला संशय तिथेच. त्या गिरणीत दिवसभर गहू पडतो. तुमची दोन किलो ज्वारी गव्हाच्या मागून पडली आणि जात्यात, खालच्या कापडी तोंडात अडकलेलं पन्नास ग्रॅम गव्हाचं पीठ तिच्यात आलं असं समजा. मुलीनं दिवसाला ऐंशी ग्रॅम ज्वारीचं पीठ खाल्लं तर त्यात दोन ग्रॅम गव्हाचं पीठ गेलं, म्हणजे दीडशे मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन. वरच्या त्या ५० मिलिग्रॅमच्या तिप्पट, तेही रोज, आणि तुम्ही मनापासून पथ्य पाळत असताना.

एका मुलाच्या बाबतीत मी यात सपशेल चुकले होते. टीटीजी वर्षभर उतरेना. मी त्याच्या आईची उलटतपासणी घेत राहिले, तो शाळेत काय खातो, मित्राच्या डब्यात हात घालतो का. बिचारी रडकुंडीला आली. शेवटी तिनंच विचारलं, ‘मॅडम, ज्वारी आम्ही गव्हाबरोबरच दळायला टाकतो, एकाच खेपेत, ते चालतं ना?’ तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

उपाय तीन, आणि माझ्या पसंतीच्या क्रमानं. घरघंटी घेता आली तर घ्या आणि तिच्यात गहू कधीही टाकू नका. सेकंडहँड घेऊ नका, तिच्यात आधीच्या घरचा गहू असणारच. ते जमत नसेल तर फक्त तांदूळ, डाळी आणि ज्वारी-नाचणी दळणारं वेगळं जातं असलेला गिरणीवाला शोधा. मोठ्या गावांत असे सापडतात. तेही नसेल तर मिक्सर. तांदूळ, नाचणी, मूगडाळ मिक्सरमध्ये बरी दळली जाते, ज्वारी जरा भरडी राहते, चाळून घ्यायची. ‘सकाळी पहिलं दळण आमचं टाका’ हा तोडगा बरेच जण सुचवतात. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण आदल्या दिवशीचा शेवटचा गहू जात्यातच मुक्कामाला असतो. आणि धान्य दळायच्या आधी निवडा. वाण्याकडच्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास निघतात. निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा. बेसन आणि तांदळाची पिठीसुद्धा बाहेरची सुटी आणू नका, तीही त्याच गिरणीची असते.

दुसरी जागा म्हणजे ज्यांच्या नावात गहू नाही ते पदार्थ. ही यादी इंग्रजी पुस्तकात सापडत नाही, म्हणून सांगते. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू घालतात. सातूचं पीठ तर बोलून चालून सातूचं, आणि हल्ली त्यात गहू आणि डाळंच जास्त असतं; दोन्ही बाजूंनी वर्ज्य. गव्हाच्या कुरडया, शेवया, लापशी, दलिया, रवा हे कळतं तरी. पण सोया सॉसमध्ये गहू असतो हे लक्षात येत नाही आणि चायनीजच्या गाडीवरचा ‘नुसता राईस’ चालेल असं वाटतं. मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा जवाचा माल्ट असतो. दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच. नाचणीचं सत्त्व घरी केलेलं असेल तर उत्तम. विकतचं ‘नाचणी माल्ट’ मात्र पाकीट वाचून घ्या, कारण त्यात गहू किंवा जव मिसळलेले असू शकतात.

हिंगाबद्दल लोक घाबरून विचारतात. बाजारात मिळतो तो बांधणीचा हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र की तो पिठात आणि डिंकात बांधूनच विकतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. नुसत्या हिंगानं तुमच्या मुलीचं पोट दुखतंय असं मी म्हणणार नाही, सात माणसांच्या आमटीत चिमूटभर म्हणजे तिच्या वाट्याला थोडाच. पण दोन वेळच्या फोडणीला, रोज, जन्मभर? तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणा आणि विषय संपवा. त्यासाठी फोडणी सोडायची गरज नाही.

आणि खपली गहू. कुणीतरी प्रेमानं दोन किलो आणून देईलच, ‘हा जुना गहू, याला ग्लूटेन नसतं’ म्हणत. असतं. खपली पचायला हलका वाटत असेल, पण तो गहूच आहे आणि सिलिअ‍ॅकच्या माणसाला तो लोकवनाइतकाच वर्ज्य.

स्वयंपाकघराकडे वळते. सासूबाईंना विरोधी पक्षात बसवू नका, त्यांच्याच हातात खातं द्या. त्यांना एकादशी येते ना? उपासाची खिचडी करताना आमटीचा डाव त्यात घालत नाहीत, उपासाचं तिखट-मीठ वेगळं ठेवतात, शेंगदाण्याचं कूट करताना मिक्सरचं भांडं आधी धुतात, वरईचं पीठ दळायला टाकताना ‘आधी काय दळलंत?’ विचारतात. जगात ज्याला क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतात आणि शिकवायला कार्यशाळा घेतात, ते आपल्या आज्यांना पाठ आहे. ‘आई, हिचा रोजच उपास आहे असं समजायचं, फक्त गव्हाचा’ एवढं वाक्य मी अनेक घरांत वापरलंय आणि ते पथ्याच्या छापील कागदापेक्षा जास्त चाललंय. सोवळ्याओवळ्याचं मला कौतुक नाही, त्यानं माणसांना काय भोगायला लावलं ते आपल्याला माहीत आहे. पण भांडं वेगळं ठेवायची ती सवय इथे एका पोरीच्या कामी येत असेल तर येऊ दे.

वेगळं काय लागेल: पोळपाट-लाटणं, पीठ चाळायची चाळणी, परात, लाकडी उलथनं आणि भाकरीचा तवा. लाकूड आणि जाळी कितीही घासली तरी पीठ धरून ठेवतात. स्टीलची पातेली, ताटं, वाट्या, कुकर सामायिक चालतील, नीट घासली की झालं. तिच्या डब्यांना एका रंगाची चिकटपट्टी लावा आणि ते वरच्या फळीवर ठेवा. खालच्या फळीवर ठेवलेल्या डब्यांवर कणीक सांडते. लोणी, तूप, जॅम यांत पोळीचा चमचा जातो, म्हणून तिची तुपाची वाटी वेगळी. आणि क्रम: आधी तिची भाकरी, मग घरच्या पोळ्या. कणीक चाळताना पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत राहतं, तेव्हा तिचं अन्न झाकलेलं हवं. तळणातही तसंच, ताज्या तेलात आधी तिचं.

माझं मत विचाराल तर याहून सोपा मार्ग आहे. रात्रीचं जेवण सगळ्यांचंच भाकरी-भाताचं करा. पोळ्या फक्त सकाळी, डब्यापुरत्या. सातजणांत एकीचं ताट वेगळं दिसणं हे नऊ वर्षांच्या मुलीला पोटदुखीहून जास्त टोचतं. आणि दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्रात रोजची पोळी नव्हतीच, भाकरीच होती, पोळी सणाची.

आता डबा. शाळेत अकरा वाजता ज्वारीची भाकरी वाळून कडक होते ही तुमची तक्रार खरी आहे. ग्लूटेन म्हणजेच कणकेचा चिवटपणा, तो नसल्यावर पीठ दुसऱ्या कशानंतरी बांधावं लागतं. पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढा, झाकून ठेवा, कोमट असताना खूप मळा. उकडलेला बटाटा थोडा मळला तर मऊपणा टिकतो. वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घातलं तर लाटताही येतं. आणि पीठ ताजं हवं. महिनाभर पडलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग थापताना चिरा पडतात आणि दोष मात्र आपल्या हाताला लागतो. रोज भाकरीच हवी असंही नाही. घावन, आंबोळी, मुगाचं धिरडं, इडली (रव्याची नव्हे), पोहे, गव्हाशिवायच्या घरच्या भाजणीचं थालीपीठ, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. साबुदाणा रोज नको. तो चालतो, पण त्यात नुसता स्टार्च. पांढरा भात, साबुदाणा आणि बटाटा यांवर वाढणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या मुलांना बद्धकोष्ठ होतं आणि मग पुन्हा पोट दुखतं. नाचणी रोज एकदा तरी द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिच्या हाडांना आत्ता ते हवंय. बाजरी, राजगिरा, डाळी-उसळी, वर लिंबू पिळून. लिंबामुळे लोह बरं शोषलं जातं.

विकतचे ‘ग्लूटेन-फ्री’ ब्रेड-बिस्किटं लागतीलच असं नाही. महाग असतात आणि बऱ्याचदा स्टार्च, साखर, तेल यांचाच मेळ असतो. वाढदिवसाला, प्रवासाला जवळ असावीत. भारतात ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नसावं असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. इतर पाकिटांवर अ‍ॅलर्जीची ओळ ठळक शोधा, गहू असेल तर तिथे लिहावं लागतं. ओट्स पहिलं वर्षभर नकोत. शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण बाजारातले गव्हाबरोबर वाढलेले, दळलेले असतात आणि थोड्या मुलांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत.

सणांचं फार दडपण घेऊ नका, आपले निम्मे सण आधीच तिच्या बाजूचे आहेत. उकडीचे मोदक तिचेच. दिवाळीत चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे, शेव चालतील, फक्त भाजणी आणि पिठं घरची हवीत. शंकरपाळे, चिरोटे, रव्याचे लाडू, नेहमीची करंजी नाही. होळीला पुरण तिला वाटीत तूप घालून द्या. मला विचाराल तर पुरणपोळीतला तोच भाग खरा. दीप अमावास्येला कणकेऐवजी बाजरीचे दिवे करतात तेही करून बघा. सत्यनारायणाला वरईचा शिरा करा आणि तोच सगळ्यांना वाटा, देवाची हरकत नसावी. बाहेर जेवताना एक शिकवा: ‘यात ग्लूटेन आहे का?’ असं विचारायचं नाही. मिठाईवाला म्हणतो, ‘नाही हो, सगळं शुद्ध आहे.’ ‘यात मैदा, रवा, कणीक आहे का? भाकरी लाटायला गव्हाचं पीठ घेता का? तवा पोळीचाच का?’ असं विचारायचं. हॉटेलात ज्वारीची भाकरी सुबक व्हावी म्हणून गव्हाचं पीठ मिसळलेलं असू शकतं. हे प्रश्न तिलाच विचारू दे, तुम्ही शेजारी उभ्या राहा. दहाव्या वर्षी ती ते उत्तम करेल. आणि तिच्यासमोर ‘बिचारी’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना आधी आवरा.

एवढं करूनही पोट दुखलं तर? अडीच महिने म्हणजे फार नाहीत. आतडं भरून यायला मुलांना काही महिने लागतात, मोठ्यांना दोन वर्षंही लागू शकतात. अस्तर झिजलेलं असताना दूध पचवणारा रसही कमी पडतो, म्हणून सध्या दूध पिऊन दुखतं का ते बघा. दोन आठवडे दूध बंद करून दही-ताक द्या. फरक पडला तर काही महिन्यांनी दूध पुन्हा हळूहळू सुरू होतं. शौचाला रोज होते का तेही बघा. रोजचं खाणं आणि पोटदुखीची वेळ एका वहीत लिहा, पंधरा दिवसांत धागा सापडतो. सहाव्या महिन्याला टीटीजी पुन्हा करा. तो आकडा उतरत असेल तर वाट बरोबर आहे, लगेच शून्यावर यायला हवा असं नाही. उतरतच नसेल तर गहू कुठून तरी येतोय, आणि तो येत नसल्याची खात्री असूनही दुखत असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे परत जा. मध्ये शौचातून रक्त पडलं, शौचाला काळं झालं, वजन घटलं, उलट्या थांबेनात, असं काही दिसलं तर सहा महिन्यांची वाट बघू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि उंची-वजन हे दरवर्षी. लोहाची औषधं डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका. आता ती लागू पडतील.

राहता राहिलं एक, ते तुम्ही विचारलेलं नाही. सिलिअ‍ॅक घराण्यात चालतो. उत्तर भारतात झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ जणांत एकाला तो आढळला. दक्षिणेत त्याहून बराच कमी. पण रुग्णाच्या आईवडील-भावंडांत ते प्रमाण साधारण दहात एक इतकं जातं. तिचे बाबा ‘मला लहानपणापासून ॲसिडिटी’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, आणि तुम्हाला बाळंतपणापासून रक्त कमी आहे. दोघांची आणि धाकट्या मुलाची टीटीजी, सोबत टोटल आयजीए ही जोडीची रक्ततपासणी, करून घ्या. ती होईपर्यंत मात्र तिच्या सोबतीला म्हणून तुम्ही तिघांनी पोळी सोडू नका. गहू बंद करून दोन-तीन महिने झाले की तपासणी खोटीच चांगली येऊ शकते.